गहू सोसत नाही त्याने बेकरीत काय मागावे?



गेल्या नाताळात आमच्या हातून एक चूक घडली. ती आधी सांगतो, म्हणजे हा पाठ कशासाठी लिहिला हे आपल्या ध्यानात येईल.

मुलांचा कार्यक्रम झाल्यावर आम्ही खाऊ वाटला. रांगेत नऊ वर्षांची एक मुलगी होती. तिला गहू चालत नाही हे आम्हांस ठाऊक होते, म्हणून तिच्यासाठी बेसनाची नानकटाई मुद्दाम वेगळी आणवली होती. दुकानदाराने ती बेसनाची म्हणूनच दिली आणि तो काही खोटे बोलला नाही. बेसन होतेच, पण त्यात मैदाही होता. बेकरीतली नानकटाई नुसत्या बेसनाची क्वचितच असते, हे विचारून घेण्याचे आम्हांस सुचले नाही. मुलीने दोन खाल्ल्या. रात्री पोट दुखू लागले, उलट्या झाल्या, पुढे चार दिवस जुलाब. तिची आई नंतर भेटली तेव्हा रागावली नाही. एवढेच म्हणाली, "फादर, हिला बाहेर कुणी काही दिलं की मला भीती वाटते. आणि कुणी काहीच दिलं नाही की हिला रडू येतं."

त्या दोन वाक्यांत सगळा प्रश्न आला. या मुलीसाठी धामनोदच्या बाजारात ताजी, खात्रीची अशी एक नानकटाई, एक केक, एक पाव का मिळू नये? आणि तो मिळावा म्हणून आपल्यापैकी कोणी काय करावे? आज याचाच विचार करू.

१. हा रोग कोणता?

या रोगास सीलिअॅक म्हणतात. गहू, जव आणि राय या धान्यांत ग्लुटेन नावाचे प्रथिन असते. ते पाहावयाचे असेल तर कणकेचा एक गोळा घट्ट मळून अर्धा तास ठेवावा आणि मग पाण्याखाली दाबत दाबत धुवावा. पांढरे पाणी वाहून जाते, ते पिष्ट. हातात रबरासारखा चिवट गोळा उरतो, तो बहुतांशी ग्लुटेन. पोळी लाटताना तुटत नाही आणि पाव फुगतो तो याच चिवटपणामुळे.

बहुतेक माणसांना ग्लुटेन काही करीत नाही. परंतु ज्यांच्या शरीरात या रोगाची प्रवृत्ती आनुवंशिक असते, त्यांपैकी काहींच्या बाबतीत शरीराची संरक्षक शक्ती ग्लुटेन पाहून बिथरते आणि स्वतःच्याच लहान आतड्यावर हल्ला करते. आतड्याच्या आतल्या बाजूस मखमलीसारखी लव असते. अन्नातले सत्त्व ती शोषून घेते. ती झडते. मग ताटात कितीही वाढले तरी अंगी लागत नाही. मूल वाढत नाही, पोट फुगते, जुलाब होतात. मोठ्या माणसास कधी जुलाब मुळीच नसतात. लोहाच्या गोळ्या घेऊनही न हटणारा पंडुरोग, तोंड येणे, हाडे ठिसूळ होणे, मूल न राहणे एवढ्याच खुणा दिसतात.

गव्हाचा हा दोष उमगला तो हॉलंडमधील विलेम डिके या बालरोगतज्ज्ञास. त्याला युद्धापूर्वीच संशय होता. १९४४-४५ च्या हिवाळ्यात हॉलंडमध्ये दुष्काळ पडला आणि पाव मिळेनासा झाला. लोक उपाशी असताना या रोगाची मुले मात्र सुधारली, आणि पाव पुन्हा मिळू लागताच पुन्हा आजारी पडली. १९५० साली त्याने आपल्या प्रबंधात हे मांडले. या रोगावर आजही रोजच्या वापरातले औषध नाही. जन्मभर ग्लुटेन वर्ज्य करणे हाच उपाय. परंतु तो पूर्ण उपाय आहे. पथ्य नीट पाळले तर आतडे पुन्हा भरून येते आणि मूल इतर मुलांसारखे वाढते.

येथे एक सूचना. संशय आला म्हणून आधीच गहू बंद करू नये. प्रथम रक्ताची तपासणी (टी-टी-जी नावाची) करावी आणि डॉक्टरांना गरज वाटली तर दुर्बिणीतून आतड्याचा तुकडा तपासून घ्यावा. गहू आधीच सोडला तर तपासणी फसवी निघते. आपल्या भागात पंडुरोगाची इतर कारणेही पुष्कळ आहेत. जंत आहेत, अपुरा आहार आहे, आदिवासी बांधवांत सिकल सेल आहे. सबब निदान डॉक्टरांनीच करावे. एकास हा रोग निघाला तर त्याच्या सख्ख्या भावंडांची व आईवडिलांचीही तपासणी करून घ्यावी, कारण त्यांच्यात तो असण्याचा संभव इतरांहून बराच अधिक असतो.

२. असे लोक आहेत तरी किती?

२०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत देशाच्या तीन भागांतील २३ हजारांहून अधिक प्रौढांची तपासणी झाली होती. उत्तरेत दर हजारी सुमारे १२ जणांना, ईशान्येत सुमारे ९ जणांना आणि दक्षिणेत केवळ एकास हा रोग असावा असे आढळले. उत्तरेत माणशी रोजचा गहू सरासरी ४५५ ग्रॅम होता, ईशान्येत ३७ आणि दक्षिणेत २५. ईशान्येचा आकडा पाहता रोगाचे कारण केवळ जास्त गहू असे म्हणता येत नाही. पण एवढे खरे की जेथे सकाळ-संध्याकाळ गहूच, तेथे असा रोगी दर घासाला आजारी पडतो.

आपण मध्ये आहोत. धामनोद घाटाखाली, निमाडात. घाट चढून वर गेले की माळवा, गव्हाचा मुलूख. निमाडात पूर्वी घराघरांत ज्वारी आणि मका होता. १९७० नंतर माळव्यात सोयाबीन आले आणि खरिपाच्या ज्वारीची जागा त्याने घेतली. पाण्याची सोय झाली तसा रब्बीचा गहू वाढला. रेशनच्या दुकानातही मुख्यतः गहू आणि तांदूळ. ज्वारीची भाकरी हळूहळू "गरिबाची" ठरली आणि पोळी प्रतिष्ठेची. त्यामुळे गहू न सोसणारा माणूस आज पाहुण्यांच्या पंगतीत एकटा पडतो. त्याच्या आजोबांच्या काळात तो तितका एकटा पडला नसता.

३. गिऱ्हाईक दिसत का नाही?

नाताळाच्या त्या प्रसंगानंतर आम्ही बेकरीच्या धंद्यातल्या एका जाणत्या माणसाशी बोललो. तो म्हणाला, "फादर, असं गिऱ्हाईक महिन्याकाठी एखादं येतं. त्याच्यासाठी वेगळी भट्टी कशी पेटवू?" त्याचे म्हणणे रास्त होते. मग मुलीच्या आईला विचारले. ती म्हणाली, "एकदा विचारलं, 'सगळं मैद्याचंच आहे' असं सांगितलं. मग पुन्हा कशाला विचारू?" तिचेही रास्त.

म्हणजे दुकानदाराच्या हिशेबी हे गिऱ्हाईक नाहीच, कारण एकदा "नाही" ऐकून ते कायमचे परत जाते. मागणी नाही असे नव्हे. ती विखुरलेली आहे आणि मुकी आहे. चौकशी करता करता धरमपुरीकडचे एक घर कळले, महेश्वरकडचे एक कळले. त्यांतले एक इंदूरहून महिन्याचा माल आणते, दुसरे घरीच जमेल तसे करते. ही घरे एकमेकांना ओळखतसुद्धा नव्हती.

याखेरीज दोन प्रकारची गिऱ्हाइके आहेत. आग्रा-मुंबई रस्त्याने जाणारे प्रवासी आणि महेश्वरचा घाट व किल्ला पाहण्यास येणारे पाहुणे, यांपैकी काहीजण चहाच्या टपरीवर किंवा कॅफेत "ग्लुटेन-फ्री काही आहे का" असे विचारू लागले आहेत. आणि तिसरे ते, ज्यांना रोग नाही पण गहू सोडला की वजन उतरते असे कोणीतरी सांगितले आहे. त्यांना आम्ही स्पष्ट सांगतो की रोग नसेल तर गहू सोडण्याने काही विशेष लाभ नाही. गव्हाविना केलेल्या केक-बिस्किटांत पिष्ट, साखर व तूप भरपूर आणि चोथा कमी असतो. मधुमेही माणसाने "ग्लुटेन नाही म्हणजे पथ्याचे" असे समजून खाल्ले तर त्याचे नुकसानच होईल. परंतु हौसेचे गिऱ्हाईक आले म्हणून दुकानदाराने तोंड वाकडे करू नये. त्यांच्या पैशाने भट्टी चालली तर रोग्याचीही सोय होते. मात्र माल करताना रोगी डोळ्यांपुढे ठेवावा. हौशी माणसास थोडा मैदा गेला तर काही होत नाही, रोग्यास होते.

४. पाव ग्रॅम मैद्याचा हिशेब

आपल्या देशातील अन्नसुरक्षेच्या नियमांप्रमाणे ज्या मालात किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लुटेन नाही, त्यावरच "ग्लुटेन-मुक्त" असे लिहिता येते. हा आकडा नीट समजून घ्या. मैद्यात ग्लुटेन साधारण शेकडा आठ-दहा असते, म्हणजे एक ग्रॅम मैद्यात सुमारे ८० ते १०० मिलिग्रॅम. यावरून, एक किलो बिस्किटांत पाव ग्रॅम मैदा पडला की ती बिस्किटे ग्लुटेन-मुक्त राहिली नाहीत. पाव ग्रॅम म्हणजे चिमूटसुद्धा नव्हे. हाताला चिकटलेला मैदा तेवढा असतो.

हा अतिरेक नव्हे. इटलीतील वैद्यांनी २००७ साली प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात, पथ्यावर असलेल्या रोग्यांना रोज केवळ ५० मिलिग्रॅम ग्लुटेन तीन महिने दिले, तरी आतड्याची हानी दिसून आली. पन्नास मिलिग्रॅम म्हणजे सुमारे अर्धा ग्रॅम मैदा. रोज पावाचे चार कण पोटात गेले तरी तेवढे होतात. पुष्कळदा त्या दिवशी पोट दुखत नाही, म्हणून माणूस समजतो की चालले. आतून मात्र झीज चालूच असते.

यावरून कळेल की नेहमीच्या बेकरीत एका कोपऱ्यात ज्वारीचे पीठ मळून भागत नाही. मैद्याची धूळ हवेत तरंगते आणि तासन्‌तास खाली बसत राहते. तोच ओटा, तीच चाळणी, तेच पत्रे, तीच भट्टी. असा माल "गव्हाविना केलेला" असेल, पण तो ग्लुटेन-मुक्त नव्हे. असा दुकानदार प्रामाणिकपणे "यात गहू नाही, पण आमच्याकडे मैद्याचे काम चालते" असे सांगेल तर आम्ही त्याचे आभार मानू. कारण मग आईला निर्णय करता येतो.

५. ताजेच का हवे?

कोणी म्हणेल, मोठ्या शहरांतून बंद पुडे येतात, ते आणावेत. बिस्किटांचे ठीक आहे. पावाचे तसे नाही. सकाळची ज्वारीची भाकरी संध्याकाळी कडक होते हे आपल्या घरात सर्वांस ठाऊक आहे. शिजलेले पिष्ट थंड झाल्यावर पुन्हा घट्ट होते, हे त्याचे कारण. गव्हाच्या पावात ग्लुटेनच्या जाळ्यामुळे हे जरा लपते. गव्हाविना केलेल्या पावात ते जाळेच नसल्याने तो एका दिवसात भुसभुशीत होतो. शहरातून चार दिवसांनी आलेला असा पाव भाजल्याशिवाय घशाखाली उतरत नाही. त्यात किंमत नेहमीच्या पावाच्या कित्येक पट. म्हणून हा माल जवळच, ताजा आणि थोडाथोडा झाला पाहिजे. मोठ्या कारखान्यापेक्षा हे एखाद्या घरचे काम अधिक आहे.

६. आपल्या पदरी काय आहे?

पुष्कळ आहे. ज्वारी, बाजरी, मका, तांदूळ, नाचणी, वरी, राजगिरा, शिंगाडा, साबुदाणा, सर्व डाळी यांत ग्लुटेन मुळातच नाही. आपले शेजारी उपवासाला जे खातात ते जवळजवळ सगळे या मुलीला चालण्याजोगे आहे. नर्मदेच्या परिक्रमेला निघालेल्या आपल्या मराठी मंडळींच्या झोळीतही तेच असते. इंदूरचे पोहे तांदळाचे, भुट्ट्याचा कीस मक्याचा. फक्त पोह्यांशेजारी मैद्याची जिलबी तळत असेल आणि झारा एकच असेल तर सावध असावे.

भाजून करावयाचा पदार्थही आमच्या भागात जुना आहे. धार-झाबुआकडचे आदिवासी बांधव मक्याच्या पिठाचे पानिये करतात. पीठ भिजवून थापायचे, पानात गुंडाळायचे आणि गोवऱ्यांच्या विस्तवावर भाजायचे, वर डाळ. पूर्ण मक्याचे असेल तर ही निमाड-माळव्याची मूळचीच ग्लुटेन-मुक्त रोटी होय. मात्र विकत घेताना, बांधून यावे म्हणून कोणी त्यात गव्हाचे पीठ मिसळले आहे काय, हे अवश्य विचारावे.

आणि आपल्या माता-भगिनींना या विद्येची किल्ली आधीच ठाऊक आहे. ज्वारीला चिवटपणा नाही म्हणून आपण पीठ उकळत्या पाण्यात भिजवतो. गरम पाण्याने पिष्ट फुलते व चिकट होते आणि भाकरी थापताना मोडत नाही. गव्हाविना पाव करणारेही हेच करतात. त्यांचा दुसरा आधार इसबगोलाचा. इसबगोलाचा भुसा पाणी पिऊन लापशीसारखा घट्ट होतो आणि पावातला वायू धरून ठेवतो. हा इसबगोल आपल्याच राज्यात नीमच-मंदसौरकडे पिकतो व विकला जातो.

पुढील जिन्नस मात्र वर्ज्य समजावेत : मैदा, रवा, शेवया, दलिया, कुरडई, जव, सातूचे पीठ. कुरडईचा चीक धुऊन काढला तरी त्यात ग्लुटेन उरते. बाजारच्या बांधणी हिंगात पुष्कळदा मैदा असतो, तो पाहून घ्यावा. ओट्‌समध्ये बहुधा गव्हाची भेसळ झालेली असते, म्हणून खात्रीचा पुडा नसेल तर घेऊ नये. बेसनही शक्यतो घरीच डाळ निवडून दळावे.

७. कोणास हे काम सुरू करावयाचे असल्यास

एखादी विधवा भगिनी, एखादे निवृत्त जोडपे, एखादी शिकलेली मुलगी, यांपैकी कोणासही हे काम घरच्या घरी करता येईल. आमची सूचना अशी :

पहिले, ज्या स्वयंपाकघरात हे काम होईल तेथे गहू आणूच नये. ते शक्य नसेल तर वेगळी खोली, वेगळी भांडी, वेगळी चाळणी व वेगळी छोटी भट्टी ठेवावी. लाकडी पोळपाट-लाटणे जुने वापरू नये. त्याच्या चिरांत पीठ बसलेले असते.

दुसरे, गावच्या चक्कीवर पीठ दळू नये. तेथे आधी गहू दळलेला असतो आणि पहिले काही किलो पीठ त्यातच मिसळून येते. एक घरघंटी घ्यावी आणि तिच्यात गहू कधीही घालू नये. या कामातले खरे भांडवल भट्टी नव्हे, ही घरघंटी होय.

तिसरे, आठवड्यातून एकच दिवस माल करावा, समजा शनिवारी. गुरुवारपर्यंत मागणी नोंदवून घ्यावी. रोज एक गिऱ्हाईक परवडत नाही, पण आठवड्याची दहा घरे एका दिवशी परवडतात. महेश्वरच्या एखाद्या कॅफेने किंवा रस्त्यावरच्या उपाहारगृहाने बंद डब्यात तोच माल ठेवला, तर प्रवाशाचीही सोय होईल. तेथे मात्र तो डब्यातून सरळ ताटात जावा. मैद्याच्या केकच्या चिमट्याने उचलू नये.

चौथे, सोप्यापासून अवघडाकडे जावे. नानकटाईला चिवटपणा लागतच नाही, ती खुसखुशीतच हवी. म्हणून आरंभ तिच्यापासून. मग केक, कारण तो अंड्याच्या बळावर उभा राहतो. पाव सर्वांत शेवटी. त्याला १०० ग्रॅम पिठास पाच-सहा ग्रॅम इसबगोल व जवळजवळ पिठाइतकेच पाणी लागते. पीठ मळण्याऐवजी कालवावे लागते आणि साच्यातच फुगू द्यावे लागते.

नानकटाईची कृती : ज्वारीचे बारीक पीठ १५० ग्रॅम, तांदळाचे पीठ १०० ग्रॅम, घरचे बेसन ५० ग्रॅम, पिठीसाखर १३० ग्रॅम, तूप १६० ग्रॅम, बेकिंग पावडर अर्धा चमचा, वेलची व मीठ चवीपुरते. बेकिंग पावडर घेताना तिच्यात गव्हाचे पिष्ट नाही हे पुड्यावर पाहावे. तूप-साखर फेसून त्यात पिठे मिसळावीत. लागलेच तर चमचाभर दूध घालावे. गोळा अर्धा तास झाकून ठेवावा, म्हणजे तांदळाचे पीठ कचकच लागत नाही. चपटे गोळे करून मध्यम आचेवर, सुमारे १६० अंशांवर, २० मिनिटे भाजावेत. गरम असताना हात लावू नये, मोडतात. पत्र्यावरच निवू द्यावे.

८. शेतकरी बंधूंचे काम

स्वच्छ पिठाचा आरंभ शेतात होतो. मळणीयंत्रात आधी गहू काढला असेल तर ज्वारीत गव्हाचे दाणे येतात. ज्वारी वेगळ्या ताडपत्रीवर काढावी, यंत्र आधी झाडून घ्यावे, गव्हाची जुनी पोती वापरू नयेत आणि कणगी वेगळी ठेवावी. बाकी दाणे ताटात पसरून निवडण्याचे काम घरी होईल. गव्हाचा दाणा ज्वारीत सहज ओळखू येतो, पीठ झाल्यावर मात्र ओळखू येत नाही.

संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे वर्ष भरडधान्यांचे वर्ष म्हणून पाळले, आणि ती सूचना भारताचीच होती. भाषणे पुष्कळ झाली. पण ज्वारी मोडीच्या भावाने विकली जात असेल तर शेतकरी ती का पेरील? "हिच्यात गव्हाचा एक दाणा नाही" अशी खात्री ज्या ज्वारीस देता येईल, तिला चार पैसे अधिक देणारे गिऱ्हाईक तयार झाले पाहिजे. दोन-तीन शेतकऱ्यांनी बांधाकडेचा एखादा तुकडा जरी यासाठी राखला, तरी वर सांगितलेल्या एका घरघंटीचे वर्षाचे काम भागेल.

९. पवित्र मिस्साची भाकर

हा प्रश्न वेदीपाशीही येतो, म्हणून थोडे सांगणे अवश्य आहे. आपल्याकडे प्रार्थनेत "भाकर" हा शब्द येतो आणि निमाडात भाकर म्हटली की ज्वारीची. म्हणून कोणी विचारते, या मुलीसाठी मिस्साची भाकर ज्वारीची का करू नये? धर्मसभेच्या कायद्याप्रमाणे (१९८३, कलम ९२४) ती गव्हाचीच असावी लागते. तथापि रोग्यास दूर ठेवण्यात आलेले नाही. व्हॅटिकनने २४ जुलै २००३ च्या पत्रात आणि पुन्हा १५ जून २०१७ च्या परिपत्रकात स्पष्ट केले की ग्लुटेन पूर्ण काढलेली भाकर ग्राह्य नाही, पण ग्लुटेन अत्यल्प ठेवलेली गव्हाची भाकर ग्राह्य आहे. तीही ज्यास सोसत नाही त्याने केवळ द्राक्षारसाच्या रूपात ख्रिस्त स्वीकारावा. तोही पूर्ण ख्रिस्तच होय.

ज्या मातापित्यांच्या मुलास हा रोग आहे, त्यांनी प्रथम कम्युनियनच्या पुष्कळ आधी धर्मगुरूस सांगावे आणि डॉक्टरांनाही विचारावे. अत्यल्प ग्लुटेनची भाकर वेगळ्या डबीत ठेवावी लागते. द्राक्षारस द्यावयाचा तर त्यासाठी वेगळा प्याला लागतो, कारण मुख्य प्याल्यात भाकरीचा तुकडा टाकलेला असतो. यात संकोच कसला? रांगेत ऐनवेळी कुजबुजण्यापेक्षा आधी सांगितलेले बरे. ती मुलगी येत्या वर्षी प्रथम कम्युनियन घेणार आहे. तिच्यासाठी काय करावयाचे ते आम्ही तिच्या आईबरोबर बसून ठरविले आहे.

ध्यानात ठेवा

तपासणीआधी गहू सोडू नये. निदान झाल्यावर गव्हाचा कणही घेऊ नये. "थोडेसे खाल्ले तर काय होते" असा आग्रह पाहुणचारात कधीही करू नये. आपले प्रेम त्या मुलाच्या आतड्यास कळत नाही. खाऊ वाटताना अशा मुलासाठी सीलबंद पुडा, केळे किंवा शेंगदाण्याचा लाडू ठेवावा आणि तो इतरांच्या आधी द्यावा, म्हणजे त्यास कोपऱ्यात उभे राहावे लागणार नाही. दुकानात एकदा "नाही" मिळाले तरी पुन्हा विचारावे. विचारणारे वाढल्याशिवाय देणारे वाढत नाहीत.

घरी बोलण्यासाठी प्रश्न

१. आपल्या नात्यात किंवा शेजारी न वाढणारे मूल, न हटणारा पंडुरोग, वर्षानुवर्षांचे पोटाचे दुखणे असे कोणी आहे काय? त्यांची तपासणी झाली आहे काय?

२. आपल्या घरी आठवड्यातून किती वेळा ज्वारी-मका होतो? मुलांना तो आवडत नाही, की आपणच वाढत नाही?

३. आपल्या घरात अशी एखादी मोकळी खोली आणि असे दोन मोकळे हात आहेत काय, जे आठवड्यातला एक दिवस या कामास देऊ शकतील?

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर ज्या घरात "होय" असे येईल, त्यांनी रविवारी मिस्सा संपल्यावर आम्हांस भेटावे. पहिली घरघंटी कशी घ्यावयाची ते मिळून पाहू. पहिल्या शनिवारच्या नानकटाईची मागणी आम्ही आजच नोंदवून ठेवीत आहोत.